झोपेच्या गोळीपुढे नुसतं ‘एसओएस’ लिहू नका : रात्रपाळीच्या सिस्टरांचं खुलं पत्र

प्रति,
राज्यातील लहान-मध्यम खासगी रुग्णालयांचे व नर्सिंग होमचे चालक,
तिथले फिजिशियन, सर्जन, भूलतज्ज्ञ आणि आरएमओ (निवासी डॉक्टर)

सर, मॅडम,

संध्याकाळचा राउंड आटोपता आटोपता ट्रीटमेंट शीटच्या तळाशी एक ओळ पडते : ‘टॅब. अल्प्राझोलॅम ०.५ एसओएस’. लिहायला दहा सेकंद लागतात. तिचा अर्थ लावायचं काम मात्र रात्री दोन वाजता सिस्टरच्या गळ्यात येतं. गोळी कशासाठी द्यायची? झोप लागत नाही म्हणून, जीव घाबरा होतोय म्हणून, की शेजारच्या खाटेवरचे नातेवाईक कुरकुर करताहेत म्हणून? बाराला एक दिली आणि तीनला पेशंट परत उठून बसला, तर दुसरी द्यायची का? दहाला दुखण्यावरचं ट्रामाडॉल गेलंय, तरी चालेल? पहाटे चारला दिली तर सकाळी फिजिओथेरपीला कोण उभं राहणार? त्या ओळीत यातलं काहीच नसतं. ‘लागली तर द्या’ एवढंच असतं, आणि लागली की नाही हे ठरवायला ना वेळ दिलेला असतो ना निकष.

ऑर्डर पूर्ण लिहा, एवढीच आमची मागणी आहे. श्वासाचा किंवा यकृताचा आजार नसलेल्या मध्यमवयीन पेशंटसाठी ती अशी असू शकते : ‘टॅब. लोराझेपाम १ मि.ग्रॅ., तोंडाने, झोपेसाठी. रात्री १० ते १२ च्या दरम्यानच. २४ तासांत एकदाच. ३ रात्री, नंतर फेरविचार. श्वास मिनिटाला १२ च्या खाली, हाकेला डोळे उघडत नसल्यास, किंवा गेल्या ४ तासांत ट्रामाडॉल, पेंटाझोसिन वा मॉर्फिन दिलं असल्यास देऊ नये, फोन करावा.’ तीन-चार ओळी जास्त झाल्या. पण त्यानंतर रात्रभर कुणाला अंदाज बांधत बसावं लागत नाही. पेशंट साठीच्या पुढचा असेल तर मात्रा निम्म्यावर आणा, आणि मुळात गोळी हवीच का ते आधी ठरवा. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीचे बिअर्स निकष ६५ च्या पुढच्यांना बेन्झोडायझेपिन (अल्प्राझोलॅम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम यांचा गट) टाळायलाच सांगतात. कारणं साधी आहेत : पडणं, मांडीचं हाड मोडणं, भ्रम होणं.

‘झोपेची गोळी’ या एका नावाखाली फार वेगवेगळी औषधं खपतात. झोल्पिडेमचं हाफ-लाइफ, म्हणजे रक्तातलं औषध निम्म्यावर यायला लागणारा वेळ, साधारण अडीच तास. अल्प्राझोलॅमचं अकराच्या आसपास, म्हाताऱ्या माणसात सोळा. लोराझेपामचं बारा ते चौदा. क्लोनाझेपामचं तीस-चाळीस तास. डायझेपाम तर शरीरात गेल्यावर ज्या रूपात बदलतं तेही गुंगी आणणारंच असतं आणि कित्येक दिवस टिकतं. म्हणून ‘क्लोनाझेपाम ०.५ रोज रात्री’ अशी ऑर्डर असली की पहिल्या रात्री सगळं छान असतं. चौथ्या दिवशी पेशंट सकाळी दहापर्यंत पेंगत असतो, नाश्त्याचा घास तोंडात धरून बसतो, आणि त्या घासाचा ठसका लागून न्यूमोनिया होतो. कालची उतरायच्या आत आजची चढते, हे हिशेबातच धरलेलं नसतं. झोल्पिडेमचं उलट. ते लवकर उतरतं, पण पहाटे तीनला दिलं तर सात वाजता बाथरूमला निघालेल्या बाईच्या अंगात ते अजून असतं. स्त्रियांच्या शरीरातून ते सावकाश बाहेर पडतं, म्हणून अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने २०१३ मध्ये त्यांच्यासाठी साध्या गोळीची मात्रा १० वरून ५ मि.ग्रॅ. केली. आपल्याकडे साडी सावरत अंधारात उठणाऱ्या पासष्टीच्या आजींच्या शीटवर अजूनही १० लिहिलेलं दिसतं. ही गोळी गिळायची ती अंथरुणावर पडताना, आणि पुढे सात-आठ तास झोपायला मिळणार असतील तरच. गोळी घेऊन टीव्ही बघत बसलेला पेशंट तासाभराने उठून चालू लागतो आणि सकाळी त्याला काही आठवत नाही, हा प्रकार या औषधात नोंदलेला आहे.

आता मुळाशी येऊ. दवाखान्यात माणूस जागा असतो, त्याला बहुतेक वेळा कारण असतं, आणि ते गोळीने जात नाही. गोळीचं पाकीट उघडण्याआधी सिस्टरने काय बघावं, तर नाभीखाली तळहात ठेवून पोट चाचपावं. तिथे ताठ गोलसर फुगवटा लागला, तर मूत्राशय भरलंय. कॅथेटर असेल तर नळी कुशीखाली दबलेली किंवा पिळलेली असते. सोडवली की सहाशे-सातशे मिली बॅगेत येतं आणि पेशंट पाच मिनिटांत घोरायला लागतो. मणक्यातल्या भुलीनंतरच्या पहिल्या रात्री हे फारच वेळा घडतं. मग सलाइनची जागा सुजली आहे का, प्लास्टर घट्ट झालंय का, ऑक्सिजन किती, शुगर किती, ताप, तीन दिवसांचा बद्धकोष्ठ. शुगर ५० वर आलेला माणूसही बेचैन होतो, घामाघूम होतो, बडबडतो. त्याला अल्प्राझोलॅम देऊन निजवलं तर काय होईल, ते इथे लिहायची गरज नाही.

काही जागरणं तर आपणच शीटवर लिहून ठेवलेली असतात. लघवी वाढवणाऱ्या लॅसिक्सचा दुसरा डोस रात्री आठला : पेशंट बारापर्यंत चारदा उठणार. तो दुपारी चारला हलवा. झोप उडवणारं स्टेरॉइड डेक्सामेथासोन ‘बीडी’ (दिवसातून दोनदा) म्हणजे सवयीने सकाळी आठ, रात्री आठ. दुसरा डोस दुपारी दोनच्या आत गेला तर रात्र वाचते. दम्यावरचं, तेही झोप उडवणारं डेरिफायलिन रात्री दहाला. स्थिर पेशंटचं बीपी रात्री दोनला. रक्त पहाटे चारला, कारण लॅबचा माणूस पाचला येतो. स्पंजिंग साडेचारला, कारण सकाळच्या पाळीला खाट चकाचक दिसायला हवी. ही वेळापत्रकं बदलायला पैसा लागत नाही. चालकांनी आणि मेट्रन मॅडमनी एक दुपार बसलं तर होतं. कॉरिडॉरमधला दिवा अकराला मंद करणं, ट्रॉलीच्या करकरणाऱ्या चाकात तेलाचे दोन थेंब सोडणं, एवढ्याने निम्म्या ‘एसओएस’ गोळ्या पाकिटातच राहतात असा आमचा अंदाज आहे.

सगळ्यात जास्त चूक होते ती भ्रमाच्या पेशंटमध्ये. दिवसा नीट बोलणारे आजोबा रात्री अकराला राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) ओढतात, ‘मला घरी जायचंय, बैल सुटलेत’ म्हणतात, मुलाला ओळखत नाहीत. मुलगा ड्युटी रूमच्या दारात : ‘सिस्टर, काहीतरी द्या यांना.’ आरएमओ फोनवर : ‘लोराझेपाम द्या.’ हा डिलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक येणारा भ्रम आहे. त्यामागे जंतुसंसर्ग, सोडियम कमी, ऑक्सिजन कमी, तुंबलेली लघवी, नाहीतर काल सुरू केलेलं एखादं औषध असतं. बेन्झोडायझेपिनने तो निवत नाही, लांबतो. चष्मा द्या, कानातलं मशीन लावा, डोक्यापाशी मंद दिवा ठेवा, ओळखीचं माणूस हात धरून बसू द्या. त्या रात्री भेटीच्या वेळेचा नियम बाजूला ठेवा. आणि शांत पडून राहिलेल्या, कुणाला त्रास न देणाऱ्या आजींकडेही बघा. तोही डिलिरियम असतो, फक्त त्याची कुणी तक्रार करत नाही.

याला मोठा अपवाद म्हणजे दारू सुटल्यावरचा भ्रम, आणि तिथे चूक उलट्या बाजूने होते. अपघाताचा किंवा हर्नियाचा पेशंट दाखल होऊन दोन-तीन दिवस झालेत, हात थरथरताहेत, घाम फुटलाय, नाडी १२०, भिंतीवर किडे दिसताहेत. शेवटच्या घोटानंतर ४८ ते ७२ तासांत हे उसळतं. इथे बेन्झोडायझेपिन हाच इलाज आहे : क्लोरडायझेपॉक्साइड, यकृत बिघडलेलं असेल तर लोराझेपाम, आणि तेही पुरेशा मात्रेत, लक्षणं मोजून. इथे भीतीपोटी अर्धी गोळी देत राहिलं की फिट येते. डेक्स्ट्रोजच्या बाटलीआधी थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) गेलं पाहिजे, हेही ऑर्डरमध्ये लिहा. आणि दाखल करून घेताना दारूचा प्रश्न नातेवाइकांना बाहेर पाठवून विचारा. बायको-मुलांसमोर ‘कधीमधी घेतो’ हेच उत्तर मिळतं.

दाखल करतानाचा दुसरा प्रश्न म्हणजे घरी कुठल्या गोळ्या चालू आहेत. ‘झोपेची गोळी घेता का’ असं विचारलं की लोक नाही म्हणतात आणि ते खोटं बोलत नसतात. त्यांच्या लेखी ती ‘टेन्शनची’, ‘गॅसची’, ‘डोक्याची’ गोळी असते. एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत मिळतं. पोट बिघडण्यावर वर्षानुवर्षं चालणाऱ्या एका लोकप्रिय जोडगोळीत क्लिडिनियमबरोबर क्लोरडायझेपॉक्साइड असतं. ती घेणाऱ्या बाईंना आपण रोज बेन्झोडायझेपिन घेतोय याचा पत्ता नसतो, आणि दाखल झाल्यावर आपण ती ‘पोटाची गोळी, नंतर बघू’ म्हणून बंद करतो. तीन-चार दिवसांनी थरकाप, जागरण, क्वचित झटका. म्हणून तोंडी माहितीवर भागवू नका. पाकिटं, पट्ट्या घरून मागवा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. त्या पट्ट्या मग सिस्टरच्या ताब्यात राहू द्या. नाहीतर नऊला लेकीने पर्समधून दिलेली आणि दहाला आम्ही दिलेली, अशा दोन होतात.

इंजेक्शनकडे वळू, कारण तिथे मिनिटांचा खेळ असतो. गुंगीचं मिडाझोलॅम (तेही बेन्झोडायझेपिनच) बाजारात दोन तीव्रतांत मिळतं : १ मिलीत १ मि.ग्रॅ. आणि १ मिलीत ५ मि.ग्रॅ. ‘मिडाझ २ सीसी’ (म्हणजे २ मिली) असं तोंडी सांगितलं, तर एका बाटलीतून २ मि.ग्रॅ. जातं आणि दुसरीतून १०. ब्रिटनमध्ये २००८ साली याच गोंधळावर देशभराच्या रुग्णालयांना सूचना काढावी लागली होती. म्हणून तीन गोष्टी. वॉर्डात फक्त १ मि.ग्रॅ. वालं ठेवा. ५ वालंच आलं असेल, तर १ मिलीचं अँप्युल ४ मिली सलाइनमध्ये मिसळून सिरिंजवर नाव, तीव्रता आणि वेळ लिहिल्याशिवाय ते ट्रॉलीवर ठेवू नये. आणि ऑर्डर सीसीत नको, मि.ग्रॅ. मध्येच हवी. सत्तरीतल्या पेशंटला पहिला डोस अर्धा ते एक मि.ग्रॅ., दोन मिनिटं लावून. मग घड्याळ बघत आणखी दोन-तीन मिनिटं थांबायचं. ‘अजून झोपला नाही’ म्हणून तीस सेकंदांत दुसरा ढकलला, की दोन्ही एकदम चढतात.

फोर्टविन (पेंटाझोसिन) आणि फेनर्गन (प्रोमेथाझिन) ही तर आपल्याकडची जुनी जोडी. ऑपरेशननंतर दुखतंय म्हणून दिली, पेशंट झोपला, सगळे खूश. यात पेंटाझोसिन श्वास मंदावतं आणि प्रोमेथाझिनची गुंगी दुसऱ्या दिवसापर्यंत रेंगाळते. वर रात्रीची अल्प्राझोलॅम ‘एसओएस’ असतेच. ओपिऑइड (मॉर्फिन, ट्रामाडॉल, पेंटाझोसिन यांसारखी वेदनाशामकं) आणि बेन्झोडायझेपिन एकत्र देण्यावर एफडीएने २०१६ मध्ये सर्वांत कडक इशारा छापायला लावला, तो नेमका अशा थरांवर थर चढण्यासाठी. फेनर्गन शक्यतो स्नायूत, खोल. शिरेतून देताना ते बाहेर झिरपलं किंवा चुकून धमनीत गेलं तर बोटं काळी पडतात, आणि कापावी लागलेली उदाहरणं नोंदलेली आहेत. दोन वर्षांखालच्या बाळाला ते अजिबात नाही. डायझेपामच्या अँप्युलमध्ये सलाइन मिसळलं की ते दुधाळ होतं आणि साका धरतं, म्हणून मिसळू नये. स्नायूत दिलं तर ते दुखतं आणि किती लागू होईल याचा भरवसा नसतो.

औषध दिल्यावर काय बघायचं, याबद्दलही थोडं सविस्तर. श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा, पोटावर हात ठेवून. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं की एखाद-दुसऱ्या श्वासाच्या फरकाने आठचे बारा होतात, आणि शीटवर सगळ्यांचे श्वास ‘२०’ लिहायची आपली जुनी खोड तर सर्वांना ठाऊक आहे. गुंगीच्या औषधानंतरचं घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे. जीभ मागे पडून श्वासाची वाट अर्धी बंद झाली आहे. हनुवटी उचला, कुशीवर वळवा. आवाज थांबला तर निदान झालं. पल्स ऑक्सिमीटरवर फार विसंबू नका. नाकात ऑक्सिजन चालू असेल तर आकडा ९८ राहतो आणि आत कार्बन डायऑक्साइड साचत जातो. आकडा पडेपर्यंत उशीर झालेला असतो. शुद्धीसाठी आरएएसएस ही मोजपट्टी वापरा, तेही सोपं आहे : हाक मारली, डोळे उघडून दहा सेकंदांहून जास्त नजर देतो तर उणे एक, नजर दहा सेकंदही टिकत नाही तर उणे दोन, नुसता हलतो, नजरच देत नाही, तर उणे तीन. झोपेसाठी गोळी दिलेला वॉर्डातला पेशंट उणे तीनला असेल, तर डॉक्टरांनी उठून यायला हवं.

शिरेतून डोस दिल्यावर पहिली १५ मिनिटं दर पाच मिनिटांनी, पुढचा तासभर दर १५ मिनिटांनी आणि नंतर जाग येईपर्यंत अर्ध्या तासाने ही नोंद हवी. एका सिस्टरकडे वीस-पंचवीस पेशंट असताना हे होणार नाही. उगाच होईल म्हणण्यात अर्थ नाही. मग एकतर माणूस वाढवा, नाहीतर शिरेतून गुंगीचं औषध जनरल वॉर्डात देऊ नका. पेशंट एचडीयूत (जास्त देखरेखीच्या कक्षात) हलवा. घोरण्याचा जुना त्रास, जाड मान, सीओपीडी (फुप्फुसाचा जुनाट आजार) किंवा किडनी-यकृताचा आजार असलेल्यांना तर नक्कीच.

इमर्जन्सी ट्रॉलीत काय असावं ते सगळ्यांना माहीत आहे. काय नसतं, ते आम्ही सांगतो. हाताने श्वास द्यायची अँबू बॅग असते, तिचा मास्क लहान मुलाचा असतो. सक्शन मशीन असतं, बोर्डापर्यंत वायर पोचत नाही. बेन्झोडायझेपिनचा उतारा असलेलं फ्लूमाझेनिल नसतं किंवा मुदत संपलेलं असतं. ते ठेवा : ०.२ मि.ग्रॅ. पंधरा सेकंदांत, मग लागेल तसं मिनिटामिनिटाने ०.१, एकूण १ मि.ग्रॅ. पर्यंत. पण त्याचा असर तासाभरात ओसरतो आणि पेशंट पुन्हा गुंगीत जातो, म्हणून ‘उठला’ म्हणून आरएमओंनी लगेच खोलीवर जाऊ नये. वर्षानुवर्षं गोळ्या घेणाऱ्याला किंवा फिटच्या पेशंटला ते दिलं तर फिट येऊ शकते. पेंटाझोसिनवर ते चालत नाही, त्याला नॅलोक्सोन लागतं. फेनर्गनवर दोन्ही चालत नाहीत. आणि या सगळ्याआधी हनुवटी, ऑक्सिजन, बॅग. उतारा शोधायला एकजण कपाटाकडे आणि दुसरा पेशंटकडे बघत उभा, असं होता कामा नये.

लहान मुलांच्या एमआरआय-इकोआधी झोपेसाठी द्यायच्या ट्रायक्लोफॉसबद्दल थोडक्यात. सिरप ५ मिलीत ५०० मि.ग्रॅ. असतं आणि मात्रा किलोला ५० मि.ग्रॅ., म्हणजे १० किलोच्या बाळाला ५ मिली. वजन आजचं घ्या, आईने सांगितलेलं नव्हे. डोस घरी किंवा रिक्षात द्यायला सांगू नका. झोप यायला अर्धा-पाऊण तास लागतो. तोवर ‘झोपलंच नाही’ म्हणून दुसरा डोस देऊ नये. परत जाताना मांडीवर झोपलेल्या बाळाची मान छातीवर पडलेली नसावी, हे आईला हाताने धरून दाखवा.

कपाटाचं आणि नावांचं. लोनाझेप म्हणजे क्लोनाझेपाम. फोनवर ते लोराझेपाम ऐकू येतं. फोनवरची ऑर्डर ऐकणाऱ्याने मूळ नाव आणि मात्रा परत वाचून दाखवावी, सांगणाऱ्याने ‘हो’ म्हणेपर्यंत फोन ठेवू नये आणि सकाळी सही करावी. राइल्स ट्यूबमधून द्यायची म्हणून झोल्पिडेमची सीआर (हळूहळू सुटणारी) गोळी कुटली जाते. मग रात्रभर पुरवायचा डोस एकदम सुटतो. अल्प्राझोलॅम, डायझेपाम, नायट्राझेपाम, मिडाझोलॅम, झोल्पिडेम ही शेड्यूल एच-वन या कडक नियमांच्या सरकारी यादीतली औषधं आहेत. १ मार्च २०१४ पासून दुकानदाराला त्यांची वेगळी नोंद ठेवून ती तीन वर्षं जपावी लागते. दुकानावर एवढी शिस्त, आणि वॉर्डात तीच पट्टी पेनच्या डब्यात. किल्लीचा ड्रॉवर, पाळी बदलताना दोघींनी मोजून सही, आणि सिरिंजमध्ये उरलेलं औषध दुसऱ्या कुणासमोर टाकून त्याची नोंद, एवढं पुरे.

डिस्चार्ज कार्डावर ‘सीटी ऑल’ (सगळी औषधं चालू ठेवा) लिहू नका. दवाखान्यातल्या तीन रात्रींची गोळी तिथूनच तीन वर्षांची होते. किती गोळ्या, कुठल्या तारखेपर्यंत, ते लिहा. रोज महिनाभर किंवा जास्त घेतलेली असेल तर एकदम बंद न करता दर एक-दोन आठवड्यांनी दहा ते पंचवीस टक्के कमी करायचा तक्ता द्या, त्रास झाला तर आहे त्या पायरीवर थांबायला सांगा. घरी ब्यूरोची ताई असेल, तर हे तिच्यासमोर बोला. रात्री गोळी तीच देणार असते आणि आजोबांना बाथरूमला नेणारही तीच.

शेवटी एक सोय सुचवतो. ऑर्डर दरवेळी हाताने लिहायचा कंटाळा येतो, ते आम्ही समजू शकतो. रबरी शिक्का करून घ्या. त्यावर सहा रिकाम्या जागा : कशासाठी, मात्रा मि.ग्रॅ. मध्ये, किती ते किती वाजता, २४ तासांत कमाल, किती रात्री, कधी देऊ नये. शीटवर शिक्का मारायचा, जागा भरायच्या, सही. एकही जागा रिकामी असेल तर गोळी जाणार नाही, आणि त्या रात्री आम्ही फोन केला तर तो उचलावा. शाईचं पॅड ड्युटी रूममध्ये आहे.

आपल्या,
रात्रपाळीच्या परिचारिका